बाळंतपण कोणी केलं?

मराठीत बाई बाळंत होते, पण तिचं बाळंतपण दुसरी कुणीतरी करते. ‘थोरलीचं बाळंतपण कोणी केलं?’ असं विचारलं तर उत्तरात डॉक्टरांचं नाव येत नाही. ‘आईनंच केलं, माहेरीच होती ना,’ असं उत्तर येतं. डॉक्टर करतात ती डिलिव्हरी. बाळंतपण म्हणजे शेक-शेगडी, तेल लावणं, आळिवाची खीर, रात्री तीनला बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं. आणि या सगळ्याच्या आधी, कळा सुरू झाल्या की पाठीवरून हात फिरवत बसणं. यातलं हे पहिलंच काम गेल्या दोन पिढ्यांत बाळंतपण करणारीच्या हातून गेलं. पुढचा सव्वा महिना सगळं तिनंच करायचं, फक्त ऐन वेळेला बाहेरच्या बाकड्यावर बसायचं.

त्या बाकड्यावर मी एक रात्र काढली आहे. भाची पहिलटकरीण होती. तिची आई म्हणजे माझी ताई आधीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण माझ्याकडे आलं. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. रात्री नऊला तिला आत नेलं. दारावर ‘नातेवाइकांनी आत येऊ नये’ ही पाटी. माझ्या मांडीवर लंगोट, टोपडी आणि जुन्या धोतराच्या घड्या भरलेली पिशवी. दार उघडलं की तिचा आवाज यायचा, मिटलं की तुटायचा. पहाटे चारच्या सुमाराला तिनं ‘मावशी’ म्हणून हाक मारली, मोठ्यानं. मी उठून दारापर्यंत गेले. आतून एका बाईचा आवाज आला, “काय पाहिजे गं? सारखं मावशी मावशी काय?” हॉस्पिटलातल्या आयांनाही मावशीच म्हणतात. हाक मला होती, ओ त्यांनी दिली होती. मी परत बाकड्यावर येऊन बसले.

चार वर्षांनी दुसऱ्या खेपेला भाचीनं डूला ठरवली. तोपर्यंत हा शब्द मी ऐकलाही नव्हता. बाळंतपणात सोबत बसायला पैसे देऊन बाई आणायची, तेही काही हजार मोजून, हे कळल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्या हॉस्पिटलात डूलाला आणि सोबत एका नातेवाइकाला आत परवानगी होती, म्हणून मलाही आत जायला मिळालं. तिशीतली मुलगी होती ती. मी समजत होते की ती खूप बोलेल, ‘श्वास घ्या, श्वास सोडा’ असं काहीतरी चालू ठेवेल. ती जवळजवळ काहीच बोलली नाही. कळ आली की तळव्याची टाच भाचीच्या माकडहाडाच्या जरा वर टेकवायची आणि अंगाचा भार त्या हातावर द्यायची. कळ ओसरली की हात काढायची, पाण्याचा एक घोट पाजायची, ओला रुमाल मानेवर ठेवायची. डॉक्टर तपासायला आल्या की बाजूला व्हायची. त्या काय म्हणाल्या ते भाचीला नीट कळलं नाही असं वाटलं, तर म्हणायची, “परत एकदा विचार ना त्यांना.” स्वतः उत्तर द्यायची नाही. तासाभरानं तिनं माझा हात धरला, बरोबर त्या जागी ठेवला आणि म्हणाली, “काकू, आता तुम्ही दाबा. घाबरू नका, जोर लावा.” पुढचे तीन तास मी दाबत होते. दुसऱ्या दिवशी माझी मनगटं उठत नव्हती.

माझ्या या लेखाचं म्हणणं त्या हात ठेवण्यातूनच आलं आहे. डूला जे करते त्याचा उपयोग होतो याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. पण जी गोष्ट एका तासात मला शिकवता आली, ती ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची चीज होऊन बसू नये. कळा देणाऱ्या प्रत्येक बाईजवळ तिनं निवडलेलं एक माणूस असलं पाहिजे, आणि सरकारी असो वा खाजगी, प्रसूतिगृहाचं दार त्या माणसासाठी हक्कानं उघडलं पाहिजे.

शब्दाची कूळकथा मजेशीर आहे. डूला हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ दासी. अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञ डाना राफाएल यांनी तो १९७३ साली वापरात आणला, तो स्तनपानाच्या संदर्भात. बाळंतिणीच्या आसपास राहून तिला अंगावर पाजायला, सावरायला मदत करणारी बाई ती डूला. म्हणजे आपल्या भाषेत बाळंतपण करणारीच. तिला लेबर रूममध्ये नेलं ते नंतर, मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना आई आणि बाळ यांच्यातल्या पहिल्या तासांचा अभ्यास करायचा होता. ग्वाटेमालातल्या गजबजलेल्या प्रसूतिगृहात, जिथे बायका एकट्याच कळा देत असत, त्यांनी काही जणींजवळ एकेक साधी बाई बसवली. ती नर्स नव्हती आणि ओळखीचीही नव्हती. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं, सोडून जायचं नाही, एवढंच तिचं काम. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळं सुरळीत पार पडलेल्या बायकांत सोबत असलेल्या साधारण ९ तासांत मोकळ्या झाल्या होत्या, एकट्या असलेल्यांना १९ तास लागले होते. तुलना प्रत्येकी वीसच जणींची होती, त्यामुळे या आकड्यावर इमले बांधू नयेत. पण प्रश्न उभा राहायला तो पुरेसा होता.

मग त्यांनी अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका सरकारी रुग्णालयात ४१२ पहिलटकरणींवर मोठा अभ्यास केला. तो १९९१ साली छापून आला. एका गटाजवळ डूला होती. दुसऱ्या गटाच्या खोलीत एक बाई नुसती कोपऱ्यात बसून नोंदी करत होती, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तिसऱ्या गटाला नेहमीसारखीच वागणूक. सिझेरियनचं प्रमाण डूलाच्या गटात ८ टक्के, नेहमीच्या गटात १८ टक्के. पण मला थांबवलं ते मधल्या गटानं. तिथे प्रमाण १३ टक्के होतं. पाठीत भूल देण्याची, म्हणजे एपिड्युरलची गरज नेहमीच्या गटात ५५ टक्क्यांना पडली, गप्प बसलेल्या बाईच्या गटात जेमतेम २३ टक्क्यांना, डूलाच्या गटात ८ टक्क्यांना. काहीही न करता कोपऱ्यात बसलेल्या अनोळखी बाईचाही एवढा आधार! आपल्या आज्या म्हणायच्या ते ‘नुसतं कुणीतरी जवळ असावं’ हे शब्दशः मोजून निघालं.

यात गूढ काही नाही. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि त्यानं गर्भाशयाचं आकुंचन मंदावतं. कळा मंदावल्या की वाढवायला सलाईनमधून औषध, औषधानं कळा एकदम अंगावर येतात, त्या सोसवत नाहीत, बाळाचे ठोके खालीवर होतात, आणि मग एकेक पायरी चढत आपण ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचतो. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, पण होतं तेव्हा याच वाटेनं होतं. म्हैस व्यायला झाली की गोठ्यात परक्या माणसाला फिरकू देत नाहीत. तिच्याजवळ रोजच्या हाताचं माणूस लागतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था. २०१७ साली तिच्या आढाव्यात असे २६ अभ्यास एकत्र तपासले गेले. १७ देश, पंधरा हजारांहून जास्त बायका. सतत सोबत असेल तर सिझेरियनची शक्यता साधारण पाव हिश्शानं कमी, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी, आणि ‘फार वाईट अनुभव होता’ म्हणणाऱ्या बायका जवळजवळ एकतृतीयांशानं कमी. अपायाचा पुरावा कुठेच नाही. या पुराव्याचा दर्जा फार उच्च मानलेला नाही हेही खरं. गोळीच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला हे लपवता येतं. शेजारी माणूस बसलंय की नाही हे कळा देणाऱ्या बाईपासून कसं लपवणार? पण इतक्या स्वस्त आणि निरुपद्रवी उपायाकडून आणखी किती पुरावा मागायचा? पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली.

इथे आपल्याकडची मंडळी हमखास म्हणतात, ‘नर्स असतेच की जवळ.’ या म्हणण्याची परीक्षा कधीच झाली आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या १३ रुग्णालयांत सुमारे ६,९०० बायकांवर अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. सोबत करायला खास प्रशिक्षण दिलेल्या नर्सच होत्या. सिझेरियनचं प्रमाण सोबतीच्या गटात १२.५ टक्के, नेहमीच्या गटात १२.६. म्हणजे काडीचा फरक नाही. उलट बोट्स्वानात नात्यातल्याच, काहीही न शिकलेल्या बाईला आत बसू दिलं, तर सोबत असलेल्यांमध्ये आपसूक, नैसर्गिक बाळंत होणाऱ्या जास्त निघाल्या. नर्स वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. नर्सला फाइल भरायची असते, शेजारच्या खाटेवर बघायचं असतं, पाळी संपली की घरी जायचं असतं आणि वरिष्ठांना उत्तर द्यायचं असतं. ती रुग्णालयाची असते. सोबतीण त्या बाईची असते. फरक ज्ञानात कमी आणि बांधिलकीत जास्त आहे, असं मला तरी या आकड्यांवरून दिसतं.

आता महाराष्ट्राकडे या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल तोंड वाकडं करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. २००४-०६ च्या सुमाराला महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे १३० आया दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. अंधारी खोली, न उकळलेली कात्री, अडलेल्या बाईला बैलगाडीतून नेताना वाटेत संपलेला जीव हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ‘पूर्वीचं बरं होतं’ हे ऐकवू नये. सुईणीचेही उगाच गोडवे गाऊ नयेत. विटाळाचं काम म्हणून ते बहुतेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांच्या माथी मारलं होतं, आणि नाळ कापून झाली की पसाभर धान्य आणि जुनं लुगडं देऊन तिला मागल्या दारानं वाटेला लावलं जायचं. तिच्या हातातलं कसब कुणी लिहून ठेवलं नाही. पण ती उशाशी बसून राहायची, आणि दवाखान्यात जाताना आपण तिच्या कात्रीबरोबर तिचं ते बसणंही फेकून दिलं.

त्याच पाहणीत महाराष्ट्रातलं सिझेरियनचं प्रमाण २५.४ टक्के आहे, गोव्यात ३९.५. देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत ४७.४. म्हणजे खाजगीत जवळजवळ दर दुसरी बाई पोट कापून बाळंत होते. त्याला कारणं अनेक आहेत: वाढलेलं वय, साखर, रक्तदाब, वेळेचं गणित, पैशाचं गणित, कोर्टकज्जाची भीती, आणि ‘माझ्याच्यानं होणार नाही, करून टाका’ म्हणणारी स्वतः ती बाईसुद्धा. सोबतीण यातल्या शेवटच्या कारणावर काम करते, थोडंफार इतरांवरही. सगळ्यांवर नाही.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. मेळघाटासारख्या आदिवासी भागांत महाराष्ट्र सरकारनं आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ सुरू केली. दिवस भरत आले की बाईनं आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस. नाव ठेवणाऱ्याला बाळंतपण कळत होतं यात शंका नाही. तमिळनाडूनं सरकारी दवाखान्यांत सोबतीला आत घ्यायला फार आधी सुरुवात केली. २०१६ साली केंद्र सरकारनं सगळ्याच सरकारी आरोग्यसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, तिला कुठला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी, उपचारात ढवळाढवळ करू नये. आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही चालेल. २०१७ च्या शेवटी आलेल्या, प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही हा मुद्दा आहे. आता तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बघा. सूचनांचा कागद फाइलीत आहे आणि आई बाकड्यावर आहे.

विरोध करणाऱ्या डॉक्टरांचं मी ऐकलंय, आणि त्यातलं काही पटलंयही. एका खोलीत चार खाटा, मध्ये पडदा नाही, तिथे चार नातेवाईक आले तर बाकीच्या बायकांची अब्रू ती काय राहणार? बरोबर आहे. पण मग उत्तर पडदा हे आहे. एका पडद्याला आणि त्याच्या दांडीला किती खर्च येतो हे सांगायला तज्ज्ञ समिती लागू नये. दुसरा मुद्दा मारहाणीचा. काही वावगं झालं की जमाव येतो, काचा फुटतात. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. ही भीती खरी आहे. पण संशय बंद दारामागे वाढतो. आठ तास आत बसून प्रत्येक धावपळ बघितलेली मावशीच बाहेर येऊन चार माणसांना सांगू शकते की डॉक्टरांनी हयगय केली नाही. आणि तिसरा मुद्दा कुणी उघड बोलत नाही, तो मीच बोलते. आत साक्षीदार नको असतो. ‘आता का ओरडतेस, तेव्हा नाही ओरडलीस?’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी टेबलावर आडवं पडून ऐकलंय ते मैत्रिणींना विचारा. मांडीवर बसलेली चापटी, पोटावर कोपरानं दिलेला दाब, हे सगळं आई शेजारी उभी असताना होत नाही.

गंमत अशी की पुण्यात जिला लेबर रूमच्या दारातून परत पाठवलं, तीच आई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाते, तेव्हा तिथली नर्स तिला खुर्ची देते आणि शेवटपर्यंत थांबा म्हणते. जंतू काय फक्त इथेच असतात?

आता डूलांशी थोडं भांडण. आपल्याकडे या कामाला कायद्याचं नियमन नाही. कुणीही छोटा कोर्स करून पाटी लावू शकतं. बहुतेक जणी मनापासून काम करतात, पण काही जणींच्या बोलण्यात ‘नैसर्गिक’ हा शब्द फार जड होतो. भूल घेतली म्हणजे हरलीस, सिझर झालं म्हणजे फसवली गेलीस, डॉक्टर म्हणजे शत्रू. ज्या बाईचं बाळ आडवं आहे किंवा वार (प्लासेंटा) खाली आहे, तिला हे ऐकवणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. डूला तपासत नाही, औषध देत नाही, बाळ काढत नाही. तिनं डॉक्टरच्या निर्णयाला आड येऊ नये, आणि सिझेरियन ठरलं तर थिएटरच्या दारापर्यंत, जमलं तर आत, तिचा हात धरून जावं. सिझेरियनच्या टेबलावर हात धरायला माणूस नको असं थोडंच आहे.

नात्यातली बाई म्हणजे आपोआप आधार, असंही नाही. काही आया स्वतःच इतक्या घाबरतात की लेकीची भीती दुप्पट होते. काही सासवा सुनेला धीर देण्याऐवजी ‘आम्ही तर शेतात बाळंत झालो’ सुरू करतात. काही मुलींना आईपेक्षा नवरा हवा असतो, काहींना शेजारची वहिनी, आणि काहींना परकीच बरी वाटते, कारण परकीसमोर रडता येतं. म्हणून २०१६ च्या सूचनांतलं ‘नात्यातली’ हे बंधन मला अपुरं वाटतं. निवड सर्वस्वी तिची असावी. डूला आणायची असेल तर तिलाही मज्जाव नसावा.

शिकवायचं काम मात्र डूलांकडून घ्यावं, असं मला सुचवावंसं वाटतं. आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला येताना बाईनं आपली सोबतीण घेऊन यावं आणि तिला दीड-दोन तास शिकवावं: कुठे दाबायचं, कधी चालवायचं, कुशीवर कसं वळवायचं, पाणी कधी पाजायचं, डॉक्टर आले की कुठे उभं राहायचं, आणि चक्कर आली तर मुकाट्यानं बाहेर कसं यायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं जेमतेम शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं होतं. त्यापुढे कंबर दाबणं फार अवघड नाही. आशाताई नाहीतरी बाईला दवाखान्यापर्यंत आणतातच. त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम लादू नका, पण या शिकवणीचे पैसे देणार असाल तर त्यांच्याइतक्या योग्य शिक्षिका दुसऱ्या मिळायच्या नाहीत.

हे वरून येईल तेव्हा येवो. आपल्याकडे सातव्या महिन्याच्या आत दवाखान्यात नाव घालतात. तेव्हा आपण खोलीचं भाडं विचारतो, एसी आहे का विचारतो, पॅकेजमध्ये काय काय आहे ते विचारतो. गेल्या महिन्यात भाचीची धाकटी जाऊ नाव घालायला गेली होती, मी बरोबर होते. तिनं काउंटरवर विचारलं, “कळा चालू असताना माझ्याजवळ कोण थांबू शकतं?” तिथली मुलगी गोंधळली. म्हणाली, असं अजून कुणी विचारलं नव्हतं. आत जाऊन आली आणि म्हणाली, “एकीला चालेल म्हणाले डॉक्टर. चपला बाहेर काढायच्या.”